छतातून उतरणारी वायर

अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट नावाचं छोटं गाव आहे. उन्हाळ्यात तिथं फारसं कुणी फिरकत नाही. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात मात्र गावाबाहेरच्या सरकारी जमिनीवर परवाना काढून महिनोन्‌महिने राहता येतं, आणि उत्तरेतल्या थंडीला कंटाळलेली माणसं आपापले ट्रेलर ओढत तिथं मुक्कामाला येतात. जागेवर ना विजेचा खांब, ना नळ. म्हणून ट्रेलरच्या छतावर सोलर पॅनेल. या पॅनेलांबद्दल लिहिलं-बोललं पुष्कळ जातं: किती वॅटची घ्यावीत, बॅटरी शिशाची घ्यावी की लिथियमची, पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला चार्ज कंट्रोलर कुठला. पॅनेलपासून निघालेली वायर छत ओलांडून आत कुठून आणि कशी आणायची, हा प्रश्न मात्र शेवटी, ड्रिल हातात घेतल्यावर सुचतो. माझ्या मते तो सगळ्यात आधी सुचायला हवा. पॅनेल बिघडलं तर बदलता येतं, बॅटरी दमली तर नवी आणता येते. छतातलं भोक एकदा गळायला लागलं की ट्रेलरच कुजतो.

हे असं का, ते समजायला छताची रचना पाहावी लागते. अमेरिकेतले बहुसंख्य ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात बनतात. त्यांच्या नेहमीच्या छतात वर रबराचा किंवा तशाच लवचीक प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. त्याखाली प्लायवूड किंवा लाकडाचे तुकडे दाबून केलेला तक्ता, त्याखाली लाकडाच्या नाहीतर अ‍ॅल्युमिनिअमच्या आडव्या पट्ट्या, मधल्या पोकळीत फायबरग्लासचा कापूस आणि तळाला पातळ सिलिंग. सगळं मिळून बऱ्याचदा ३ ते ५ इंच. पाणी अडवण्याचं काम फक्त वरचा पडदा करतो. तो भेदला की खालच्या प्रत्येक वस्तूला पाणी प्यायची सवय आहे. कौलारू घरात जशी कौल फुटलेली जागा एक आणि ओल दिसते ती जागा दुसरीच, तसंच इथंही होतं. पाणी आडव्या पट्टीच्या कडेनं वाहत जातं आणि चार-पाच फुटांवर सिलिंगला तपकिरी डाग पडतो. तोवर प्लायवूडचे थर सुटलेले असतात आणि छतावर चढलं की पाय दबतो. ज्यांच्या भिंती फोम आणि फायबरग्लास एकत्र चिकटवून बनवलेल्या असतात, त्यांच्या बाहेरच्या पृष्ठभागाला फुगवटे येतात आणि ते दुरुस्त करायला ट्रेलरच्या किमतीच्या मानानं फार पैसे लागतात. बारा-चोवीस व्होल्टच्या या कामात विजेचा धोका खोटा नाही, पण ट्रेलर भंगारात जातात ते बहुतेक पाण्यामुळे.

त्यामुळे जुने जाणते पहिला सल्ला देतात तो नवं भोक न पाडण्याचा. छतात आधीपासून भोकं असतातच. त्यातलं सगळ्यात सोयीचं फ्रीजच्या वरचं. गेली कित्येक दशकं ट्रेलरमध्ये प्रोपेन गॅसवर चालणारे फ्रीज बसवले जात. त्यांच्या पाठीमागची गरम हवा बाहेर जावी म्हणून छतात एक लांबट झरोका आणि त्यावर प्लास्टिकचा ढापा असतो. वायर या ढाप्याच्या उभ्या कडेत भोक पाडून आत घ्यायची. ते भोक छताच्या पातळीच्या वर असल्यामुळे रबराच्या पडद्याला हातही लागत नाही. वायर फ्रीजमागच्या पोकळीतून खाली सोडायची आणि तळाच्या फळीतून सामानाच्या कप्प्यात काढायची. आत शिरण्याआधी बाहेर वायरला खाली झुकणारा एक वळसा द्यायचा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी त्या वळशाच्या तळाशी ठिबकून जातं, आत येत नाही.

इतकं सोपं दिसणाऱ्या या वाटेवर दोन गोष्टी सांभाळाव्याच लागतात. एक म्हणजे फ्रीजच्या मागे बर्नर पेटलेला असतो आणि त्याच्या धुराची नळी तापते. वायर त्या नळीपासून दूर, विरुद्ध भिंतीला क्लिपांनी पक्की बांधली पाहिजे. लोंबती सोडलेली वायर प्रवासातल्या हादऱ्यांनी कधीतरी नळीला टेकणारच. दुसरी गोष्ट जास्त गंभीर, आणि तीच पुष्कळदा सुटते. गॅसच्या फ्रीजमागची पोकळी राहण्याच्या जागेपासून बंद ठेवलेली असते, कारण तिथल्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्या पोकळीतून वायर खोलीत नेण्यासाठी भोक पाडलं तर वायरभोवतीची फट पूर्ण बुजवली पाहिजे. या विषाला वास नसतो. छत गळत नाही म्हणून समाधान मानायचं आणि भिंतीतली फट उघडी ठेवायची, यापेक्षा वाईट सौदा नाही.

आता ही वाटच नाहीशी होत चालली आहे. गेल्या काही वर्षांत नव्या ट्रेलरमधून गॅसचे फ्रीज झपाट्यानं जाऊन त्यांच्या जागी १२ व्होल्टवर चालणारे कॉम्प्रेसरचे फ्रीज आले. त्यांना धूर नाही, म्हणून छतात झरोकाही नाही. गॅसचा फ्रीज गॅसवर असताना बॅटरीतून नावापुरता करंट घेई. कॉम्प्रेसरचा मोठा फ्रीज दिवसाला ५०–६० अँपिअर-तास सहज ओढतो. १०० वॅटचं एक पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण २५–३० अँपिअर-तास देतं. म्हणजे ज्या बदलामुळे सोलरची गरज वाढली, त्याच बदलानं वायर आणायची आयती वाट बंद केली.

कारखान्यांनी यावर दिलेलं उत्तर म्हणजे आधीच घातलेली वायरिंग. ‘सोलर रेडी’ असं लिहिलेलं स्टिकर ट्रेलरच्या दारावर किंवा बाजूच्या भिंतीवर दिसतं. या दोन शब्दांवर विसंबून पॅनेल विकत घेऊ नयेत, असं मी कळकळीनं सांगेन. काही ट्रेलरमध्ये त्याचा अर्थ खरोखरच छतावर बसवलेला, गळती न होणारा जोड आणि तिथून कंट्रोलरच्या जागेपर्यंत नेलेली जाड वायर असा असतो. काहींत त्याचा अर्थ बाहेरच्या भिंतीवर एक छोटं सॉकेट आणि तिथून थेट बॅटरीपर्यंत दोन वायर, एवढाच असतो. दुसऱ्या प्रकारात छताचा प्रश्न जागच्या जागी राहतो. शिवाय सॉकेट थेट बॅटरीला जोडलेलं असेल तर कंट्रोलर पॅनेलबरोबर बाहेर असावा लागतो. आत आधीच कंट्रोलर असेल आणि बाहेरच्या पॅनेललाही दुसरा असेल, तर दोन्ही एकामागून एक लागून काम बिघडवतात. काही सॉकेटांमध्ये धन आणि ऋण टोकं नेहमीच्या उलट असतात. मल्टिमीटर लावून स्वतः पाहिल्याशिवाय काही जोडू नये.

दुसरी जुनी वाट म्हणजे सांडपाण्याच्या टाकीची हवा बाहेर सोडणारा पाइप. जवळजवळ प्रत्येक ट्रेलरच्या छतातून असा एखादा काळा प्लास्टिकचा पाइप वर आलेला असतो. वायर पाइपाच्या आतून खाली सोडायची कल्पना अनेकांना सुचते. ती चुकीची आहे. खाली कुठेतरी वायर बाहेर काढायला पाइपाला भोक पाडावं लागतं आणि त्या भोकातून टाकीचा वायू घरात येतो. पण याच पाइपाच्या बाजूनं वायर नेता येते, आणि ही जागा जवळून पाहण्यासारखी आहे. वरच्या टोपीचे स्क्रू काढून जुनं सीलंट खरवडलं की दिसतं ते असं: पाइप दीड इंचाचा, आणि त्याच्यासाठी प्लायवूडमध्ये पाडलेलं भोक पुष्कळदा त्याहून बरंच मोठं. कारखान्यात घाईनं कापलेलं, कडा ओबडधोबड. पाइप आणि लाकूड यांच्या मधल्या त्या फटीतून दोन वायर आरामात उतरतात, भिंतीच्या पोकळीतून पाइपाच्या सोबतीनं थेट ट्रेलरच्या पोटात जातात. खालून फिश टेप, म्हणजे वायर ओढायची लवचीक पट्टी, वर सरकवून वायर त्याला बांधायची आणि एकानं वरून सोडत, दुसऱ्यानं खालून ओढत उतरवायची. लाकडाच्या खडबडीत कडेवर वायर घासू नये म्हणून तिला नालीदार प्लास्टिकची नळी घालायची. नंतर नवी टोपी, नवं सीलंट. छतात भोक एकही वाढलं नाही. नव्या ट्रेलरसाठी, जिथं फ्रीजचा झरोका नाही, मला हीच वाट सर्वांत चांगली वाटते.

हेही जमत नसेल तर नवं भोक. त्याची जागा निवडताना बहुतेक जण बॅटरीला जवळचं पाहतात. मी म्हणेन, गळती सर्वांत आधी कुठं दिसेल ते पाहावं. कपाटाच्या वर भोक पाडलं तर आतून वायर झाकली जाते आणि दार उघडलं की सिलिंग डोळ्यांसमोर असतं. पलंगाच्या उशाशी किंवा दोन भिंतींच्या सांध्यावर पाडलं तर ओल कळेपर्यंत दोन पावसाळे जातात. ड्रिल मारण्याआधी आतून दिव्याची किंवा पंख्याची एखादी झाकणी काढून पोकळीत डोकावावं. एअर कंडिशनरची हवा नेणारी नळी, दिव्यांच्या वायरी आणि आडव्या पट्ट्या कुठून जातात ते कळतं. मग आतून वर एक बारीक भोक, आणि जागा बरोबर आहे याची खात्री झाली की वरून मोठं.

त्या भोकावर बसवायची डबी बाजारात मिळते. हातभर नाही, तळहाताएवढी प्लास्टिकची पेटी, तिच्या एका बाजूला वायरसाठी दोन ग्लँड. या पेटीचं तोंड ट्रेलरच्या मागच्या बाजूला करायचं, म्हणजे रस्त्यावर वाऱ्याच्या जोरानं पाऊस आत रेटला जात नाही. ग्लँडच्या आत रबराची गोल कडी असते, ती आवळली की वायरला चारी बाजूंनी घट्ट धरते. ही कडी गोल वायरसाठी आहे. ऑस्ट्रेलियात गाड्यांमध्ये सर्रास वापरली जाणारी चपटी दुहेरी केबल तिच्यात घातली की दोन्ही बाजूंना चंद्रकोरीएवढी फट राहते. कितीही आवळा, पाणी तिथूनच शिरतं. छतावर सोलरची वेगळी गोल केबलच हवी, म्हणजे दुहेरी आवरणाची आणि उन्हानं न तडकणारी. एका ग्लँडमधून एकच वायर जावी.

सीलंटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चांगली जागा निवडून झाल्यावर काम बिघडतं ते इथंच. हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणून फासणं ही सर्वांत नेहमीची चूक. सिलिकॉन रबराच्या छताला नीट धरत नाही, आणि वर्षभरानं सुटलं की त्याचा जो अंश उरतो त्यावर पुढं दुसरं काहीच चिकटत नाही. पेट्रोलियमचे द्रावक असलेलं डांबरासारखं सीलंट रबराला फुगवतं. आधी छत कशाचं आहे ते ओळखावं. ईपीडीएम रबराचा पडदा वरून पांढरा असला तरी खालून काळा असतो, टीपीओ या प्लास्टिकचा तसा नसतो. झरोक्याची आतली पट्टी काढली की पडद्याची कड दिसते आणि उत्तर मिळतं. ट्रेलरसाठी बनवलेलं, स्वतःहून पसरून सपाट होणारं लॅप सीलंट सपाट छतासाठी उत्तम. उतारावर किंवा उभ्या कडेवर तेच ओघळतं, तिथं न ओघळणारा प्रकार घ्यावा. पेटीच्या तळाखाली ब्यूटिलची पट्टी, वर स्क्रू, मग कडेनं आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सीलंट, अशी उतरंड जमते. फायबरग्लासच्या कडक छतावर स्क्रू न वापरता पॉलियुरेथेननं पेटी चिकटवण्याची पद्धत ऑस्ट्रेलियात आणि युरोपात जास्त आहे, आणि तिथं ती योग्यच आहे. कायमची चिकटणारी सीलिंग टेप काही जण सगळीकडे लावतात. ती धरते खरी, पण पुढं पेटी बदलायची वेळ आली की टेपेबरोबर छताचा पडदाही फाटून येतो. दुरुस्तीला वाव ठेवणारं सीलंट मला अधिक शहाणपणाचं वाटतं.

ऑस्ट्रेलियाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तिथं कॅम्पर ट्रेलर म्हटलं की पुष्कळदा घडीचा, कापडी भिंतींचा ट्रेलर डोळ्यांसमोर येतो. त्याचं छत वर उचललं जातं किंवा उलगडतं. अशा छतातून वायर आणायची तर तिला रोज हालचाल करावी लागते. पुरेशी ढील, घडीत चिमटणार नाही अशी वाट आणि बारीक तारांची लवचीक केबल नसेल तर तांबं आतल्या आत तुटतं. त्यात लाल धूळ आणि पत्र्यासारखे लहरी झालेले कच्चे रस्ते. म्हणून तिथले पुष्कळ लोक छताचा नाद सोडून बाहेर उन्हात मांडायची घडीची पॅनेल घेतात आणि ट्रेलरच्या पुढच्या भागात बसवलेल्या ५० अँपिअरच्या अँडरसन प्लगला जोडतात. छताला एकही भोक नाही, ट्रेलर झाडाखाली, पॅनेल उन्हात. रोज मांडणं-आवरणं आणि चोरीची काळजी हा त्याचा मोबदला. सुट्टीपुरता बाहेर पडणाऱ्याला हा मार्ग पुरेसा आहे, आणि भाड्याच्या आर.व्ही.तून, म्हणजे चाकांवरच्या घरातून, यलोस्टोन वगैरे पाहून झाल्यावर स्वतःचा जुना ट्रेलर घेऊ पाहणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना मी सुरुवात इथूनच करा म्हणेन. छताला हात लावायची घाई नको.

विजेचं गणित फार अवघड नाही. १०० वॅटचं पॅनेल साधारण १८ व्होल्टला साडेपाच अँपिअर देतं. अशी दोन समांतर जोडली तर ११ अँपिअर. छतापासून कंट्रोलरपर्यंत ६ मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर तांबं. १० गेजच्या, म्हणजे सव्वापाच चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये सुमारे ०.४ व्होल्ट पडतात, जवळपास अडीच टक्के. १४ गेजची बारीक वायर घेतली तर सहा टक्के. तीच दोन पॅनेल एकापुढे एक, सिरीजमध्ये, जोडली तर करंट निम्मा, व्होल्टेज दुप्पट, आणि १० गेजमधला तोटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. मात्र त्याला चढं व्होल्टेज उतरवून बॅटरीशी जुळवणारा एमपीपीटी कंट्रोलर हवा. सावलीचा त्रासही पाहावा लागतो, कारण छतावरच्या एअर कंडिशनरची सावली एका पॅनेलवर आली की सिरीजमधल्या सगळ्यांना थोडीफार झळ बसते. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं, हे गरम देशातून गेलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाही. भार नसताना २२ व्होल्ट दाखवणारी अशी चार पॅनेल सिरीजमध्ये म्हणजे ८८. उणे २० अंशांच्या सकाळी ते १०० च्या उंबरठ्यावर पोचतं, आणि १०० व्होल्ट मर्यादेचा कंट्रोलर जळू शकतो. जोडणी कशीही असो, पॅनेलांच्या वायरी छतावरच एकत्र कराव्यात. खाली उतरायला दोनच पुरतात.

काम चालू असताना पॅनेलांवर जाड चादर किंवा पुठ्ठा टाकावा. ऊन असेपर्यंत ती जिवंत असतात. भार चालू असताना पॅनेलांच्या वायरींचे एमसी४ जोड ओढून काढू नयेत, डीसी करंटची ठिणगी लवकर विझत नाही. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट. फ्यूज बॅटरीच्या जवळ.

वायर संपते कुठं, यावर ती शिरते कुठं हे ठरतं, म्हणून आखणी खालून वर करावी. जुन्या ट्रेलरमध्ये बॅटरी पुढं, ओढदांड्यावर, उघड्यावर असे. लिथियमची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही, म्हणून थंड प्रदेशात लोक ती आत घेतात. लगेच कंट्रोलर हलतो, वायरची वाट हलते आणि छतातलं भोकही. ऑस्ट्रेलियात २०२२ च्या मानकानंतर लिथियम बॅटरी राहण्याच्या जागेपासून बंदिस्त आणि बाहेर हवा सोडणारी ठेवण्याबाबत नियम कडक झाले आहेत, त्याचा परिणामही वायरच्या वाटेवर होतो. वर आधी भोक पाडून मग खाली बॅटरीची जागा शोधणाऱ्याला शेवटी दुसरं भोक पाडावं लागतं.

हे झालं परदेशातलं. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्याकडच्या कॅराव्हॅन बहुतेक व्हॅन किंवा बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात आणि त्यांचं छत पत्र्याचं असतं. वर सांगितलेलं रबराचं शास्त्र त्यांना जसंच्या तसं लागू नाही. पत्र्याला भोक पाडलं की कडेचं उघडं लोखंड गंजायला लागतं. कड कानशीनं घासून, तिथं प्रायमर आणि रंगाचे हात देऊन, वाळल्यावर रबराची कडी बसवूनच वायर आत घ्यावी. कोकणातल्या पावसात न रंगवलेली कड एका हंगामात फुगते. पत्र्याचा फायदा असा की खाली प्लायवूडचा तक्ता नसल्यामुळे गळती लपत नाही.

काम झाल्यावर सीलंट पक्कं होऊ द्यावं. मग पाइपनं छतावर पाणी सोडून पाहावं: आधी उताराच्या खालच्या बाजूला, मग हळूहळू वर पेटीपर्यंत, म्हणजे गळती निघाली तर नेमकी कुठल्या पातळीवर ते कळतं. त्या वेळी एक माणूस आत टॉर्च घेऊन हवा. दर वसंतात आणि हिवाळा सुरू होण्याआधी छत धुऊन सीलंटला भेगा पडल्या आहेत का, कड सुटली आहे का, वायर छतावर घासून रबर झिजलं आहे का, ते पाहावं. भेग दिसली तर स्वच्छ करून त्यावर ताजं सीलंट ओतावं. कपाटात वायर झाकणारी फळी बसवायची तर ती स्क्रूनं बसवावी, चिकटवू नये. ही फळी दर वर्षी उघडून हात आत घालायचा आहे आणि लाकूड कोरडं आहे का ते बोटांनी चाचपायचं आहे.